घरातल्या शिपायावर ऊन कसं पाडायचं

खेळण्यातला शिपाई पहिल्यांदा रंगवणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा एकाच ठिकाणी हिरमोड होतो. कोट लाल, विजार निळी, पट्टे पांढरे, बूट काळे, सगळं चित्रात दाखवल्याबरहुकूम झालेलं असतं. एकही रंग रेषेबाहेर गेलेला नसतो. तरी कपाटात ठेवल्यावर शिपाई सपाट दिसतो. कापडाच्या चुण्या हरवलेल्या, चेहरा गुळगुळीत, आणि कोट कुठे संपतो, हात कुठे सुरू होतो ते कळायला वाकून पाहावं लागतं. शेजारी त्याच साच्यातून निघालेला, पण जाणकाराने रंगवलेला शिपाई ठेवला, तर तो हातभर अंतरावरूनही माणूस वाटतो. नवशिक्याला वाटतं, आपला हात अजून स्थिर नाही. हाताचा प्रश्न असतोच, पण तो नंतरचा. आधीचा प्रश्न प्रकाशाचा आहे. तो समजला की रंग कसा लावायचा, कपाट कुठे ठेवायचं, दिवा कुठून सोडायचा, हे सगळं त्याच्यामागोमाग उलगडत जातं.

मापापासून सुरुवात करू. संग्राहकांमध्ये सर्वांत रूढ माप ५४ मिलिमीटरचं, म्हणजे उभ्या शिपायाची उंची साधारण ५४ मिमी. हे प्रमाण १:३२ च्या आसपास येतं. ५४ ला ३२ ने गुणलं की १७२८ मिमी होतात, म्हणजे पाच फूट आठ इंचांचा माणूस. टेबलावर लढाईचे खेळ खेळणारे बहुधा २८ मिमीचे शिपाई वापरतात. खोक्यात भरून येणारे १:७२ चे प्लास्टिकचे शिपाई जेमतेम २४ मिमीचे असतात.

हा हिशेब नुसता उंचीचा नाही, नजरेचाही आहे. ५४ मिमीचा शिपाई डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर तो साडेनऊ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाएवढा दिसतो. एवढ्या अंतरावरून माणसाचं काय दिसतं? बटणांची ओळ दिसते, बटणांची भोकं दिसत नाहीत. भुवयांखालचा काळोख दिसतो, बुबुळाचा रंग दिसत नाही. २८ मिमीचा शिपाई टेबलावर मीटरभर दूर असेल, तर तो साठेक मीटरवरचा माणूस झाला. तिथे चेहऱ्यावर डोळे काढण्यापेक्षा टोपीखालची सावली नीट पाडली तर जास्त उपयोग. शिपाई जितका लहान, तितके तपशील कमी करायचे आणि उजेड-सावलीतला फरक जास्त ठळक ठेवायचा. नवशिके नेमकं उलट करतात. छोट्या शिपायाच्या डोळ्यांत शुभ्र पांढरा आणि मधोमध काळा ठिपका देतात, आणि शिपाई दचकल्यासारखा दिसू लागतो. ५४ मिमीच्या शिपायाचा डोळा जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो. वरच्या पापणीची गडद रेघ, खाली किंचित मळकट पांढरा, एवढं त्याला पुरतं.

आता प्रकाश. या छंदात एक वाक्य नेहमी ऐकू येतं: माणूस लहान करता येतो, प्रकाश लहान करता येत नाही. हे अर्धंच खरं आहे. न रंगवलेला, एकाच करड्या रंगाचा शिपाई भर दुपारी गच्चीवर नेऊन पाहा. टोपीच्या कडेखाली, हनुवटीखाली, काखेत, कोटाच्या प्रत्येक चुणीत सावली पडलेली दिसेल, आणि ती खऱ्या माणसावर पडेल त्याच प्रमाणात असेल. सूर्य इतका दूर आहे की पाच फुटी माणूस आणि ५४ मिमीचा शिपाई त्याला सारखेच. मग तोच शिपाई घरात ट्यूबलाइटखाली आणा. चार फुटांची नळी, पांढऱ्या भिंती, पांढरं छत. उजेड चहूकडून येतो, प्रत्येक खाचेत शिरतो आणि सावल्या पुसून टाकतो. खरा माणूसही त्या खोलीत असाच सपाट दिसतो, पण तो हलतो, बोलतो, म्हणून आपल्याला खटकत नाही. शिपाई मात्र आपल्या मनात खोलीत नसतो. तो मैदानात, उघड्या आभाळाखाली उभा असतो, आणि डोळा त्याच्यावर तिथलं ऊन शोधतो.

ते ऊन रंगवणाऱ्याला ब्रशने पाडावं लागतं. या छंदातलं खरं कसब हेच आहे असं मला वाटतं. गणवेशाचे रंग पुस्तकात सापडतात, ऊन सापडत नाही.

याचा सर्वांत चोख पुरावा जर्मनीतल्या चपट्या शिपायांत मिळतो. अठराव्या शतकात न्यूरेंबर्गमध्ये हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे शिपाई ओतायला सुरुवात केली आणि पुढे तो मोठा धंदा झाला. पाटीच्या दगडाचे दोन तुकडे घासून सपाट करायचे, कारागिराने त्यात शिपायाच्या दोन्ही बाजू उलट्या कोरायच्या, दगड एकमेकांवर दाबून मधल्या फटीत वितळलेला धातू ओतायचा. निघणारा शिपाई पत्र्याइतका पातळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्याच हाइनरिखसेन यांच्या कारखान्याने ३० मिमीचं माप रूढ केलं, त्यामुळे वेगवेगळ्या कारखान्यांचे शिपाई एका फळीत उभे करता येऊ लागले. अशा शिपायाला जाडी नसतेच. घोड्याच्या पोटाचा गोलवा, मांडीवर ताणलेलं कापड, वळलेल्या मानेमागची सावली, सगळं रंगातून उभं करावं लागतं. बव्हेरियातल्या कुल्मबाख गावच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात या शिपायांचं संग्रहालय आहे. तिथे सुमारे ३ लाख शिपाई आहेत, आणि १५५३ मध्ये कुल्मबाख शहर जाळलं गेलं तो प्रसंग हजारो चपट्या माणसांनी उभा केलेला आहे.

चपट्या शिपायाला भरीव, गोल अंगाचा शिपाई हा प्रतिस्पर्धी होता, पण त्याला शिसं खूप लागायचं. त्यामुळे तो जड आणि महाग. यावर लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये जी युक्ती काढली ती समजून घेण्यासारखी आहे. वितळलेलं शिसं थंड साच्यात ओतलं की साच्याला टेकलेला थर आधी गोठतो, आतला भाग क्षणभर पातळ राहतो. त्या क्षणात साचा उलटा केला की आतलं शिसं बाहेर वाहून जातं आणि मागे उरतं नुसतं कवच. बाहेरून पूर्ण गोल शिपाई, आतून पोकळ. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळलेलं असतं. अँटिमनीमुळे कवच कडक होतं आणि बारीक कोरीवकाम साच्यातून स्वच्छ उतरतं. सगळा खेळ ओतणाऱ्याच्या मनगटात. घाई केली तर कवच फाटणार, उशीर केला तर शिपाई भरीव होणार. धातू वाचला, वजन घटलं, किंमत उतरली, आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलांना लाल खोक्यातली पलटण परवडू लागली. ५४ मिमी हे माप जगभर रूढ झालं ते ब्रिटन्स या त्यांच्या कंपनीच्या शिपायांमुळे. त्यांच्या यादीत ब्रिटिश पलटणींबरोबर हिंदुस्थानी फौजाही होत्या. बॉम्बे लान्सर्सचे घोडेस्वार आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे पायदळ त्यात होतं. त्या फौजांत मराठी मुलखातले जवान असत, त्यामुळे या संचांकडे आपण परक्या नजरेने पाहायचं कारण नाही.

पोकळ ओतकाम १९६६ मध्ये ब्रिटन्सने थांबवलं. मुलांच्या खेळण्यात शिसं नको हे तोवर कळून चुकलं होतं आणि प्लास्टिक स्वस्त होतं. आज छंदासाठी मिळणारे शिपाई कथलाच्या मिश्रधातूचे, रेझिनचे, प्लास्टिकचे किंवा थ्रीडी प्रिंटरवर घडवलेले असतात.

जुन्या ब्रिटन्स शिपायांवर मात्र ऊन रंगवलेलं नसतं. चकचकीत एनॅमलचे सपाट रंग, गालावर गुलाबी ठिपका, बस. ती खेळण्याची शैली आहे. ती मुद्दाम सपाट आणि चकचकीत असते, आणि पन्नास शिपाई ओळीत उभे केले की तिची मजा कळते. आजही काहीजण नवे शिपाई त्याच शैलीत रंगवतात. दोन्ही शैली आपापल्या जागी ठीक आहेत, मात्र जुना शिपाई हाती आला तर त्यावर नवा रंग चढवू नका. रंगाचे टवके उडालेले असोत, नाक घासलेलं असो. मूळ रंग गेला की संग्राहकासाठी त्याची किंमत गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे कुणा अनाम कामगाराने हाताने केलेलं काम कायमचं पुसलं गेलं. खोकं मूळचं असेल तर तेही जपावं. रंगवायची हौस नव्या शिपायांवर भागवावी.

नव्या शिपायाला आधी आंघोळ घालायची. साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने निघतो. तो राहिला तर रंग धरत नाही. मग साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक शीर पात्याने आणि कानशीने घासून काढायची. ही शीर न रंगवलेल्या शिपायावर दिसत नाही, रंगवल्यावर चेहऱ्याच्या मधोमध उमटते. धातू घासताना पाणी लावून घासावं, म्हणजे भुकटी उडत नाही.

नंतर प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर, आणि उन्हाचं काम इथूनच सुरू होतं. आधी पूर्ण शिपायावर काळा प्रायमर मारायचा. तो वाळला की फक्त डोक्यावरून, वरच्या बाजूने, पांढऱ्या प्रायमरचा हलका फवारा द्यायचा. जिथे पांढरा पोचला तिथे आभाळाचा उजेड पोचला असता, जिथे काळा राहिला तिथे सावली पडली असती. शिपाई आताच उन्हात उभा राहिल्यासारखा दिसतो. पुढचे रंग पातळ लावले तर हा नकाशा खालून दिसत राहतो. फवारणी झाल्यावर या अवस्थेचा एक फोटो काढून ठेवावा. रंग चढल्यावर कुठे उजेड होता हे आठवायला तो कामी येतो.

रंग किती पातळ? दुधाइतका. ब्रशवरून सहज उतरेल पण ओघळणार नाही असा. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले, कारण ५४ मिमीच्या शिपायावर तीन सेंटिमीटर खोल चुणी एक मिलिमीटरहूनही कमी उरते, आणि जाड रंग ती बुजवून टाकतो. मूळ रंग बसला की वॉश द्यायचा, म्हणजे त्याच रंगाच्या गडद छटेचं फार पातळ पाणी. ते आपोआप खाचांत उतरून तिथेच वाळतं आणि सावली होते. लाल कोटासाठी काळा वॉश वापरू नका, लाल मळकट होतो. किरमिजी किंवा तपकिरी घ्या. मग उंचवट्यांवर उजेड: खांदे, गुडघे, चुण्यांच्या कडा, नाकाचा शेंडा. मूळ रंगात जरा उजळ रंग मिसळून तो फक्त वर पाहणाऱ्या भागांवर, मग आणखी उजळ रंग आणखी छोट्या जागेवर. लालला उजळ करायला पांढरा घातला तर गुलाबी होतो. नारिंगी किंवा फिकट पिवळसर रंग घालावा. केस, लोकर, गवत, दगड यांना ड्रायब्रश पुरतो: ब्रश रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. चेहऱ्यावर ड्रायब्रश नको, कातडी धुळकट दिसते.

शेवटी मॅट, म्हणजे चमक नसलेलं, वार्निश. लोकरीचं किंवा सुती कापड प्रकाश विखुरतं, त्यामुळे ते चमकत नाही. रंगाचा थर मात्र चमकतो, आणि कोटावर दिसणारा चमकीचा एक ठिपकाही डोळ्याला सांगून जातो की ही वस्तू बोटाएवढी आहे. चामडं, घाम, डोळे, तलवारीचं पातं, एवढ्यांनाच चमक ठेवावी. पात्याच्या बाबतीत दोन मतं आहेत. कुणी धातूच्या कणांचा चंदेरी रंग लावतं, तर कुणी करडा, पांढरा आणि निळसर रंग वापरून लकाकी चितारतं. पहिल्यात खोलीतला दिवा चमकतो, दुसऱ्यात मैदानातलं आभाळ. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, पण तो शिकायला वेळ लागतो.

आपल्या हवेबद्दल परदेशी मार्गदर्शक काही सांगत नाहीत. जुलैत मुंबईत किंवा कोकणात फवाऱ्याचा प्रायमर मारला, तर दमटपणामुळे तो खरखरीत भुकटीसारखा बसू शकतो आणि वार्निश पांढरट होतं. फवारणीची कामं पावसाळ्याआधी किंवा नंतर उरकावीत. नाहीच जमलं तर त्या दिवसांत प्रायमर ब्रशने लावावा. मे महिन्यात नागपूरला उलटी तऱ्हा, ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, ब्रशच्या टोकावरच वाळतो. त्यावर पसरट डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्या कागदावर रंग, हा उपाय चांगला चालतो. कागदातून ओल वर येत राहते आणि रंग तासन् तास ओला राहतो. ब्रशही फार बारीक घेऊ नये. शून्य किंवा एक नंबरचा, टोक धरणारा ब्रश असावा. अतिबारीक ब्रशात रंगच मावत नाही, तो शिपायापर्यंत पोचण्याआधी वाळतो. रंगांसाठी वायेहो, हम्ब्रोल यांसारख्या छंदाच्या रंगांची नावं ऐकू येतील. ते चांगले आहेत, पण सुरुवात कॅमलिनच्या ॲक्रिलिकनेही करता येते. पातळ थरांचा संयम मात्र जास्त लागतो.

मावळा रंगवायचा असेल तर एक वेगळी, मोठी मोकळीक मिळते. शिवकाळात मराठी फौजेला गणवेश नव्हता. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं, शिलेदार स्वतःचं आणायचा. त्यामुळे एका तुकडीत दहा तऱ्हांची मुंडाशी, दहा तऱ्हांचे अंगरखे असणार. वीस मावळे एकाच भगव्या-पांढऱ्या रंगात रंगवले की ते शाळेच्या संमेलनातलं पथक वाटतं. न रंगवलेल्या सुताचा मळका पांढरा, नीळ, मंजिष्ठेचा लाल, हळदीचा पिवळा, आणि उन्हात फिके पडलेले याच रंगांचे दहा प्रकार, असं पाहावं. ढालीचं चामडं, धोप तलवारीची मूठ, भाल्याची काठी यांना वेगवेगळा तपकिरी द्यावा. आणि देखावा मांडताना नुसते लढवय्ये उभे करू नयेत. त्या फौजेत २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाण्याची पखाल घेतलेला माणूस आणि घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसलेला नालबंद, हे दोघे आले की फौज खरी वाटू लागते. गणवेशच हवा असेल तर अठराव्या शतकाकडे वळावं. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी होत्या, आणि पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून युरोपीय कवायतीच्या पलटणी उभ्या केल्या.

मांडणीत पहिला नियम उंचीचा. शिपाई गुडघ्याएवढ्या टेबलावर ठेवला की आपण त्याच्याकडे वरून पाहतो आणि तो खेळणं राहतो. फळी डोळ्यांच्या रेषेत आणली की तोच शिपाई आपल्याकडे पाहतो. दुसरा नियम दिव्याचा. ऊन वरून रंगवलंय तर कपाटातला दिवाही वरून, किंचित पुढून असावा. खालून किंवा मागून एलईडी सोडला की रंगवलेली सावली आणि खरी सावली भांडतात, आणि चेहरा विद्रूप दिसतो. दिव्याचा रंगही सांभाळावा. पांढऱ्या उजेडात रंगवलेला निळा कोट पिवळ्या बल्बखाली मळकट दिसतो. ज्या उजेडात ठेवायचा, साधारण त्याच उजेडात रंगवावा. खिडकीतलं थेट ऊन मात्र टाळावं, रंग उडतात.

शिशाच्या जुन्या शिपायांना आणखी एक धोका असतो. ओक आणि इतर काही लाकडं, प्लायवूडमधला डिंक, पुठ्ठा, ताजा तेलरंग यांतून आम्लाच्या वाफा हळूहळू निघत राहतात. बंद कपाटात त्या साठतात आणि शिशाचं रूपांतर पांढरट भुकटीत, म्हणजे शिशाच्या कार्बोनेटमध्ये होऊ लागतं. बारीक भाग आधी जातात: बंदुकीची नळी, घोड्याचे पाय. अशी भुकटी दिसली तर फुंकर मारू नका, ती विषारी असते. शिपाई वेगळा काढा, हात धुवा, आणि बाकीचे शिपाई काच आणि धातूच्या, हवा खेळती राहणाऱ्या कपाटात हलवा. मूळ पुठ्ठ्याचं खोकं जपायचं ते शिपायांपासून वेगळं. लहान मुलांच्या हाती शिशाचे शिपाई देऊच नयेत.

मुलांसाठी आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं आहेतच. पुण्याच्या कुंभारवाड्यात आणि गावोगावच्या बाजारांत ती दिवाळीआधी मांडून ठेवलेली असतात: सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफा, गवळण, भाजीवाली, वाघ. त्यांत मापाचा मेळ नसतो. महाराज सर्वांत मोठे, मावळे त्यांच्या निम्मे, वाघ महादरवाजाएवढा. जुन्या चित्रांतही मोठेपण मापाने दाखवत, त्यामुळे हा दोष मानू नये. महाराज सर्वांत वर आणि मागे, मावळे पायथ्याशी पुढे, असं मांडलं तर मात्र फरक खटकतो. महाराजांजवळ इतर मोठी चित्रं आणि दूरच्या बुरुजांवर सर्वांत लहान ठेवली, तर किल्ला आहे त्याहून मोठा भासतो.

मातीची किंवा प्लास्टरची न रंगवलेली चित्रं मिळाली तर जरूर घ्या. ती पाणी शोषतात, म्हणून थेट रंग लावला तर डाग पडतात. आधी पाण्यात मिसळलेल्या फेव्हिकॉलचा एक पातळ हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मग काळपट तपकिरी रंग सगळीकडे, आणि नंतर मूळ रंग असे लावायचे की खाचांत तपकिरी थोडा उरेल. मुंडाशाच्या वरच्या वळ्यांवर, खांद्यांवर आणि ढालीच्या फुगीर भागावर एक उजळ हात. दहा वर्षांच्या मुलाला एवढं एका दुपारी जमतं. अळीव पेरून किल्ला हिरवा करणार असाल तर चित्रं पाणी घालून झाल्यावर ठेवा, आणि त्यांच्या पायाखाली फरशीचा तुकडा किंवा सपाट दगड द्या. माती ओली राहिली की रंग तळापासून सुटायला लागतो.